पाळ, खंदक आणि सातबारा : एका उन्हाळी कामाच्या नोंदी

३ एप्रिल

नागपूर जिल्ह्यातला कुही तालुका. गावाचं नाव या नोंदींत येणार नाही; गुप्तधनवाल्यांना पत्ता पुरवायची गरज नाही. गावाच्या पूर्वेला मातीचा जुना तट आहे, गावात त्याला ‘पाळ’ म्हणतात. ढोबळ चौकोन, कोपरे गोलसर. आत पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची माती; बाहेर खंदक. खंदकाच्या दोन बाजू बुजून धानाच्या बांध्या झाल्या, तिसरीवरून पांधण जाते, चौथीत पाणी धरतं ती गावाची बोडी. पाळ आज कुठे पुरुषभर, कुठे दोन पुरुष उंच.

मार्चमध्ये हरभरा निघाला आणि ईशान्येचा तुकडा जेसीबीने सपाट झाला. टेप धरला तर चाळीस मीटरच्या आसपास. दक्षिणेकडचं तोंड मात्र उभं कापलेलं तसंच सोडलंय. आपलं काम त्या तोंडाशी.

हातातली परवानगी पाहणी, मोजणी, रेखाटन आणि ठरावीक नमुने यांची आहे, उत्खननाची नाही. म्हणून टिकाव-फावडं गाडीतच राहील. खुरपी, थापी, ब्रश, पाण्याचा फवारा एवढंच बाहेर. जेसीबीने जे कापलं तेवढं साफ करायचं आणि वाचायचं. जे शाबूत आहे त्याला नख लावायचं नाही. मुदत मृगापर्यंत. एकदा पाऊस लागला की हे तोंड आठवडाभरही उभं राहणार नाही.

५ एप्रिल

दिवसभर कागद. भूमी अभिलेखचा गाव नकाशा, पाळीला लागून असलेल्या गटांचे सातबारे, जुनं निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराची नोंद), आणि १९६०च्या दशकातलं कोरोना उपग्रहाचं छायाचित्र. अमेरिकेने हेरगिरीसाठी काढलेली ही छायाचित्रं १९९५ मध्ये खुली केली; ट्रॅक्टर आणि जेसीबी शिवारात यायच्या आधीची जमीन त्यांत दिसते, म्हणून अशा कामात ती सोन्यासारखी. आपल्या छायाचित्रात चारही बाजू सलग आहेत. वायव्य कोपरा आज जागेवर गेलं तर दिसतच नाही, तिथे तूर असते. त्या काळी तो चांगला ठसठशीत होता.

नकाशा त्यावर बसवला आणि एक गोष्ट लख्ख दिसली. पाळ जिथे जिथे उभी आहे तिथे तिथे ती दोन गटांची हद्द आहे. वायव्य कोपरा गेला तिथे आत-बाहेर एकच गट. ईशान्येला जेसीबी फिरला तिथे गट दोन आहेत, पण गेल्या वर्षीच्या फेरफारानंतर दोन्हींवर नाव एकच.

म्हणजे एवढी शतकं ही पाळ कोणी ‘जपली’ वगैरे नाही. ती धुरा, म्हणजे दोन वावरांमधला हद्दीचा बांध होती, म्हणून राहिली. धुरा कोरला की भांडण होतं, भांडण तहसीलपर्यंत जातं, आणि त्या भीतीने कोणी वखर आत घालत नाही. हे अनुमान पुढे तपासायचं, पण माझं मन आत्ताच त्या बाजूला झुकलंय.

८ एप्रिल

शेतमालक काका सकाळीच आले. रागाने नाही, पण सावध. पहिला प्रश्न तोच, जो विदर्भात अशा प्रत्येक जागेवर विचारला जातो: “मॅडम, वावर जाईन काय?”

नाही जाणार, म्हटलं. पाळ काढली कशाला, तेही विचारलं. काका म्हणाले, “मधात पाळ होती तं ट्रॅक्टर वळत नव्हता. आन् धुरा दोघाचा असते. आता इकडूनबी माहा सातबारा, तिकडूनबी माहाच. एकट्याचा धुरा कायचा?”

मी परवा नकाशांवरून जे लिहिलं ते काकांनी एका वाक्यात सांगितलं.

पुढे हिशेबही मांडला. पाळीखाली जवळपास पाव एकर अडकलेलं, वरून त्यावर रानडुकरं बसतात. सपाट केल्यावर एक बांधी वाढली. डिझेल-भाड्याचा खर्च माती विकून निघाला. एका घराच्या जोत्यात भराव म्हणून गेली, उरलेली शेजारच्या खोलगट वावरात. यात मला कुठे खलनायक सापडत नाही. पाळ कुठल्याही यादीत नाही, तिच्यावर पाटी नाही, आणि काकांना कोणी कधी काही सांगितलेलं नाही.

माती कुठल्या वावरात गेली ते दाखवायला काका स्वतः येतो म्हणाले.

९ एप्रिल

तोंड साफ करायला घेतलं. पहाटे साडेपाच ते दहा, मग बंद. जेसीबीच्या बकेटचे दात मातीवर असे घासले आहेत की वरची पापडी थापीने सोलल्याशिवाय थर वेगळे होत नाहीत. वरून खाली सोलत यायचं, एका माणसाने एकच उभा पट्टा.

११ एप्रिल

छेद उघडला. खालून वर लिहिते.

सगळ्यात खाली मूळ काळी माती, कंकराच्या खड्यांसह. तिच्या माथ्यावर बोटभर जाडीचा गडद पट्टा: कोळशाचे कण, तुडवलेली माती, बारीक खापरं. तट घालायच्या आधी लोक ज्या जमिनीवर चालत होते ती ही. या छेदातली सर्वांत मोलाची जागा हीच, कारण वरच्या ढिगाऱ्याने ती झाकली आणि नंतर नांगर तिथवर पोचला नाही.

त्यावर काळ्या मातीची ढेकळं. त्यावर पिवळसर, मुरमाड, कंकराने भरलेली माती. शेजारी उभं राहून खंदकाचा काठ पाहिला तर क्रम बरोबर उलटा: वर काळी, खाली पिवळी. खंदक खणताना आधी वरची काळी निघाली ती तळाशी पडली, मग खालची पिवळी निघाली ती वर. तट आणि खंदक एकाच कामातले, हे यावरून नक्की. पिवळ्या थरात टोपलीटोपलीने टाकलेले छोटे ढीगही ओळखू येतात, प्रत्येकाची कड किंचित वेगळ्या रंगाची. इथे काही वेळ काम सोडून नुसते बघतच उभे राहिलो, ते नोंदीत यायला हरकत नाही.

पिवळ्याच्या वर एक बारीक करडा पट्टा, मुळांच्या जुन्या नळ्यांसकट. म्हणजे काम थांबलं, गवत उगवलं, काही पावसाळे गेले. मग पुन्हा भर. ही दुसरी भर मात्र खंदकातली नाही: राखाडी, भुसभुशीत, खापरं, हाडांचे तुकडे, विटांचे टवके. ही पांढरीची माती. आतल्या वस्तीचा उकिरडा ओढून पाळ उंच केली. तोवर आत उकिरडा साचण्याइतकी वस्ती झालेली होती, एवढं यातून निघतं.

खापरांत काळी-तांबडी भांडी बरीच, तोंडाशी आणि आतून काळी, बाहेरून तांबडी. अभ्रकाचे कण चमकणारी तांबडी भांडीही. पण दुसऱ्या भरावातल्या खापरांवरून तटाचं वय ठरवायचा मोह आवरायचा. उकिरड्यातलं खापर भरावाच्या आधीचं असतं. किती आधीचं ते खापर सांगत नाही.

याच तालुक्यात अडम आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अमरेंद्र नाथ यांच्या देखरेखीखाली १९८८ ते १९९२ तिथे उत्खनन केलं. मातीचा तट, बाहेर खंदक, मध्याश्मयुगापासून सातवाहनांपर्यंतचा क्रम, आणि ‘अस्सक जनपदा’चं नाव असलेली मातीची मुद्रा. तिकडे भंडारा जिल्ह्यात पवनी: तीन बाजूंनी तट आणि खंदक, चौथीला वैनगंगा, १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि सर्वेक्षणाने तिथले स्तूप उघडले. या दोन जागा माहीत असल्या की इथलाही तट ‘तसाच, तेवढाच जुना’ म्हणायला जीभ सैल होते. आमच्यातल्या दोघांची झालीच. नोंदीत तसं लिहायचं नाही. आकार सारखा आहे, एवढंच.

१४ एप्रिल

भीमजयंती. काम बंद. गावात सकाळी वंदना, संध्याकाळी मिरवणूक, दुपारी सगळ्यांना जेवण, आम्हालाही. पवनीच्या स्तूपांबद्दल मंडळातल्या पोरांनी इतके नेमके प्रश्न विचारले की पुढच्या वेळी पवनीची छायाचित्रं सोबत आणायची असं ठरलं.

१६ एप्रिल

काकांसोबत माती गेलेल्या वावरात. काळ्या रानात राखाडी माती दुरूनच दिसते. इथल्या खापरांना आता थर नाही, खोली नाही. तरी ट्रॉली कुठून भरली आणि कुठे रिकामी झाली हे चालकाला आठवतं, त्यामुळे ‘तटाच्या वरच्या निम्म्या भागातली’ एवढं म्हणता येतं. चाळणीतून काढलं: खापरं, लोखंडाची मळी (धातू वितळवताना उरणारा कचरा), भात्याच्या नळीचा भाजका तुकडा, शंखाच्या बांगडीचे दोन तुकडे. लोखंड इथे कोणी वितळवत किंवा घडवत होतं. नागपूर जिल्ह्यातल्याच नायकुंडला लोखंडाची महापाषाणकालीन भट्टी सापडलेलीच आहे, तेव्हा या मुलखात नवल नाही. पण आपल्या पाळीच्या संदर्भात पहिल्यांदाच.

जोत्यात गेलेली माती मात्र गेली. त्यावर फरशी बसली.

१९ एप्रिल

आतल्या पांढरीची पाहणी. वीस बाय वीस मीटरचे चौकोन आखले. निंदणाला जाणाऱ्या चार बाया मजुरीवर घेतल्या आणि हा या कामातला सर्वांत चांगला निर्णय ठरला. कुठल्या तासात खुरपं खरखरतं, कुठे नुसतीच माती लागते, कुठे ‘जाड खापर’ आणि कुठे ‘काळं गुळगुळीत’, हे त्यांना न बघता सांगता येतं. त्यांच्यातल्या थोरल्या बाईंनी दोन जागा दाखवल्या जिथे पावसाळ्यात पाणी मुरतं पण आजूबाजूला साचतं. कडेवर भाजक्या मातीच्या कड्यांचे तुकडे आहेत. एकावर एक कडी रचलेली जुनी विहीर असावी. अडमला अशा विहिरी आहेत. खोदायचं नाही. नकाशावर खूण केली, जीपीएस घेतला, पुढे.

पांढरीचं नुकसान पाळीपेक्षा जुनं आहे. राख, शेण, हाडं मुरलेली ही माती खत म्हणून वावरात टाकायची रीत बापजाद्यांपासूनची. घराच्या भिंतींनाही हीच. बैलगाडीने नेत होते तोवर खड्डे लहान होते, ट्रॉली आल्यावर अर्धा टेकाड गेला. त्यात काळ्या मातीचा स्वभाव वेगळाच: उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचं खापर खाली जातं, पावसात भेग मिटते. पांढरीच्या कडेला जिथे काळी माती सुरू होते तिथे नुसत्या खोलीवर भरवसा ठेवता येणार नाही.

पल्टी नांगराची फाळ आठ इंचांच्या खाली जाते. साध्या वखराने वर्षानुवर्षं जेवढं हललं नाही तेवढं पल्टीच्या एका फेरीत हलतं. जिथे तो फिरलाय त्या चौकोनांत खापरांच्या कडा ताज्या तुटलेल्या आहेत. जुन्या तुटीवर मातीचा लेप असतो, ताजी तूट स्वच्छ आणि रंगाने फिकी. त्यावरून कुठल्या वावरात खोल नांगरट झाली हे मालकाला न विचारताही कळतं.

२३ एप्रिल

अवकाळी. वाऱ्याने ताडपत्री उडवली, छेदाचा वरचा डावा कोपरा ढासळला. रेखाटन त्या भागाचं आधीच झालं होतं. ओल्या मातीत करडा पट्टा कोरड्यापेक्षा स्पष्ट दिसला, तेव्हा सगळे फोटो पुन्हा काढले.

१ मे

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. सरपंच ताईंनी विषय घेतला, सुरुवातीलाच नाही, पण घेतला.

वावर जाण्याची भीती पुन्हा निघाली. समजावलं ते असं: शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित, हा नियम राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांसाठी, २०१० च्या दुरुस्तीनंतरचा. ही पाळ संरक्षित नाही. नोंद झाली म्हणजे जप्ती झाली असं नाही. शेती चालूच राहणार.

मागून एकाने विचारलं, हंडा सापडला तर कोणाचा? हशा. पण प्रश्न खरा होता, म्हणून उत्तर खरं दिलं: १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांच्या वर किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. कळवणाऱ्याला हक्क असतो, लपवणारा तो गमावतो. १९३९ मध्ये आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा केवढा साठा मिळाला, आणि तो अभ्यासकांपर्यंत पोचला म्हणून राजांची नावं जुळवता आली, तेही सांगितलं. रात्री कंदील घेऊन खणणाऱ्यांचा बंदोबस्त पोलीस पाटील बघतो म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून खणणारे त्यांना माहीत असावेत.

खरी झटापट बोडीवरून झाली. गाळ काढायचा प्रस्ताव आहे. गाळ वावरात टाकायला शेतकऱ्यांना हवा, पाणी वाढायला गावाला हवं. दोन्ही रास्त. पण ती बोडी म्हणजे खंदकाची एकमेव शाबूत बाजू, आणि तळाचा गाळ म्हणजे खंदक चालू होता तेव्हापासून साचत आलेला. मी म्हटलं, वरचा अलीकडचा गाळ काढा, तळाच्या चिकट निळसर मातीला लागलात की थांबा. एक आजोबा उठले. मालगुजारीच्या काळातही, म्हणजे १९५१ च्या आधी, गाळ तेवढाच काढत, म्हणाले; खालची निळी फोडली तर बोडी पाणी सोडते. त्यांच्या बोलण्याने जे झालं ते माझ्याने झालं नसतं. ठराव: निळी माती फोडायची नाही. ‘पुरातत्त्व’ हा शब्द ठरावात नाही. नसू दे.

निस्तार पत्रकात बोडी गावाच्या सामाईक वापरात आहे. पुन्हा तेच: जे अनेकांचं, ते शाबूत.

१० मे

कालमापनाचे नमुने. तुडवलेल्या पट्ट्यातले कोळशाचे कण चिमट्याने, ॲल्युमिनियमच्या कागदात. त्याच पातळीत स्टीलच्या दोन नळ्या ठोकल्या, तोंडं काळ्या टेपने बंद. मातीच्या कणावर शेवटचं ऊन कधी पडलं हे या पद्धतीने निघतं, म्हणून नळीत उजेड शिरता कामा नये. नळ्या वरच्या भरावात ठोकायच्या नाहीत हे आधीच ठरलं होतं: टोपलीने टाकलेल्या ढेकळाच्या पोटातल्या कणांनी ऊन पाहिलेलंच नसतं, तारीख खोटी जुनी येते. तुडवलेल्या जमिनीवर वर्षानुवर्षं ऊन पडलेलं असतं. अडचण दुसरी. या पद्धतीला क्वार्ट्झ लागतं आणि बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या मातीत ते फार थोडं. कुही-उमरेडकडे पूर्वेला ग्रॅनाइटी जुना खडक लागतो, तिकडून वाहून आलेली बारीक रेती पट्ट्यात दिसते आहे. बघू प्रयोगशाळा काय म्हणते.

१७ मे

चाळीस मीटरचा तुकडा गेला खरा, पण त्याचा पाया गेलाय का? सपाट केलेल्या बांधीत सकाळच्या तिरप्या उन्हात पिवळा पट्टा सरळ दिसतो. जेसीबीने भराव उचलला, तळ राहिला. काका या खरिपात तिथे धान घेणार, म्हणजे चिखलणी. चिखलणी वरच्या वीतभर मातीत होते, तळ त्याखाली असावा. काकांना एकच विनंती केली: इथे शेततळं नको. “शेततळं तं तिकडं खाल्लाकडं घेणार हावो,” म्हणाले. गट क्रमांक लिहून घेतला.

नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं बघायला आजही लोक जातात. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅकने एकोणिसाव्या शतकात तिथे खणलं, तेव्हापासून त्यांची नोंद आहे. दगड दिसतो. मातीचं काम डोळ्यात भरत नाही, ते बांध वाटतं, आणि बांध काढायचाच असतो. आपल्या याद्यांतही हाच पक्षपात आहे, हे अहवालात लिहायचं, सौम्य शब्दांत का होईना.

२६ मे

नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस. पहाटे दोन तास, तेही सावलीत खापरं धुणं आणि आकडे टाकणं.

२ जून

छेद झाकायचं काम. तोंडावर हिरवी जाळी, तिच्यापुढे रेती भरलेली पोती रचली, त्यांच्यापुढे जेसीबीने ओढलेलीच माती उतरती टाकली. पोत्यांत रेती मुद्दाम: उद्या कोणी पुन्हा उघडलं तर जुनं कुठे संपलं ते कळावं.

उतारावर काय लावायचं यावर काकांशी चांगला तासभर वाद. त्यांना तूर हवी. धुऱ्यावर तूर ही या भागाची रीतच. मला तूर नको. तिचं सोटमूळ सरळ खाली जातं. मी उथळ मुळांचं गवत सुचवलं. काकांच्या मते गवत खाऊन पोट भरत नाही. शेवटी उतारावर गवत आणि पायथ्याला, भर टाकलेल्या नव्या मातीत, तुरीची एक ओळ. काकूंनी मध्ये पडून ठरवलं, खरं तर.

७ जून

आज मृग, आभाळ भरलंय पण कोरडंच. सामान बांधलं.

राहिलेलं: खापरांची रेखाटनं, नमुने प्रयोगशाळेत पाठवणं, राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला अहवाल, सोबत पाळीला लागून असलेल्या सगळ्या गटांचा नकाशा. त्या नकाशात थर किंवा खापरं नाहीत, फक्त रंग: कुठल्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना मालक वेगळे, आणि कुठे एकच. पुढचा जेसीबी कुठे येईल हे सांगायला मला तरी याहून बरं साधन माहीत नाही.

तलाठी कार्यालयात जाता जाता चौकशी केली. दक्षिण बाजूला दोन भावांचे गट आहेत; धाकट्याने नागपूरला फ्लॅट घेतलाय आणि त्याचा गट थोरला घेतोय. फेरफार नोटीसवर लागला आहे. थोरल्या भाऊंचा फोन नंबर घेतला. धान कापणीच्या आधी, दिवाळीच्या आसपास त्यांना भेटायचं, आणि त्या बाजूची मोजणी सगळ्यात पहिली.